मदत हवी आहे: आकडे पाठ आहेत, मोजता येत नाही. अंकदांड्या (माँटेसरीतल्या, लांबीने अंक दाखवणाऱ्या लाल-निळ्या लाकडी दांड्या) आता काढाव्यात का?

मुलगी पावणेचार वर्षांची. एक ते पन्नास घडाघडा म्हणते, पण "चार चमचे आण" म्हटलं की मूठभर आणते. मोजताना बोट पुढे पळतं, तोंड मागे राहतं. माँटेसरी पद्धतीने घरी अंक सुरू करायचे आहेत. आधी काही करून घ्यायला हवं का? आणि विकतचा संच परवडणारा नाही, घरी काय बनवता येईल?

प्रतिसाद: वयापेक्षा दोन गोष्टी बघा. पानं घेताना प्रत्येक ताटात एकेकच वाटी ठेवते का? लहानमोठ्या पट्ट्या लांबीप्रमाणे ओळीने लावते का? पहिलं जमत नसेल तर ताट-वाटी, बरणी-झाकण हाच सध्याचा धडा. पन्नासपर्यंतचं पाठांतर तयारीत धरू नका, ते गाणं आहे.

दोन्ही जमत असेल तर दांड्या काढाच. एक इंची चौकोनी लाकडी पट्टी घ्या. १० सेंमी ते १ मीटर अशा दहा दांड्या, एकूण साडेपाच मीटर. करवतीत थोडं जातं, म्हणून वीतभर जास्त आणा. दर १० सेंमीला लाल, निळा असा आळीपाळीने रंग, सुरुवात प्रत्येक दांडीची लालने. माप काटेकोर हवं. एक आणि नऊ जोडून दहाच्या शेजारी ठेवले आणि टोकं जुळली नाहीत, तर पुढची बेरीज दांडी शिकवणारच नाही.

सुट्या मण्यांनी सुरुवात करू नका. चार म्हणजे फक्त शेवटचा, चौथा मणी, असा मुलांचा समज होतो. दांडीत अख्खे चार एकसंध हातात येतात.

पहिल्या दिवशी एक, दोन, तीन एवढ्याच. भाग हाताने चाचपत मोजा: "एक, दोन. ही दोन." मग "तीनची दे", "एकची सतरंजीच्या कडेला ठेव", हे भरपूर वेळा. "ही किती?" सगळ्यात शेवटी. घरोघरी गाडी अडते ती इथेच, कारण मधला टप्पा उरकून थेट परीक्षा सुरू होते. चुकली तर टोकू नका, दांड्या उचलून ठेवा आणि उद्या परत पहिल्यापासून.

प्रश्नकर्ती: पॉलिश पेपरचे अंक (बोटाने गिरवायचे खरखरीत अंक) सोबतच द्यायचे का? देवनागरी की इंग्रजी?

प्रतिसाद: सोबत नको, वेगळ्या वेळी. तर्जनी आणि मधलं बोट, लिहितो त्याच दिशेने गिरवायचं. शाळेत जे चालतात तेच अंक आधी, दुसरे नंतर. दांडी आणि अंक स्वतंत्रपणे ओळखू लागली की मगच जोड्या.

त्यानंतर काड्यांचे खण: ० ते ९ असे दहा खण आणि बरोबर ४५ आइस्क्रीमच्या काड्या. शेवटी काडी उरली किंवा कमी पडली की चूक तिची तिलाच कळते, म्हणून दर वेळी देण्याआधी तुम्ही मोजून घ्या. शून्याचा खण रिकामा राहू द्या, "इथे काहीच नाही" एवढंच सांगा.

अकराच्या पुढे घाई नको. एकोणतीस या शब्दात नऊ आणि वीस ऐकूच येत नाहीत, त्यामुळे आधी दहा-दहा मण्यांच्या माळा आणि सुटे मणी घेऊन "दोन दशक, नऊ एकक" पक्कं करा, नाव मागाहून.