रेमो फर्नांडिस: पाच भाषांचा गायक की एका गावाचा?

सावंतवाडीकर (धागाकर्ता)

गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांचे नाव निघाले की आपल्याकडे आधी ‘बॉम्बे’ चित्रपटातले ‘हम्मा हम्मा’ आठवते, मग ‘जलवा’ आणि ‘प्यार तो होना ही था’ यांची शीर्षकगीते, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना जूही चावला यांच्याबरोबरची पेप्सीची जाहिरात. माझे म्हणणे असे आहे की ही सगळी त्यांच्या कारकिर्दीची ओसरी आहे. माजघर पाहायचे असेल तर १९८४ सालच्या ‘गोअन क्रेझी’ आणि १९८६ सालच्या ‘पॅक दॅट स्मॅक’ या दोन इंग्रजी कॅसेटींपाशी जावे लागते, आणि तिथे आपण मराठी श्रोते फारसे कधी गेलोच नाही.

माझा मोठा भाऊ १९८७ च्या सुमारास पणजीत शिकायला होता. सुट्टीत एसटीने घरी येताना त्याने ‘गोअन क्रेझी’ आणली. आमच्या घरात तोवर नाट्यगीते, भावगीते आणि रेडिओवरची हिंदी गाणी एवढेच ऐकले जात असे. मला इंग्रजी जेमतेम समजत होते, तरीही त्या गाण्यांतले गाव ओळखीचे वाटले, कारण न चालणारे टेलिफोन, आश्वासने देणारे मंत्री आणि किनाऱ्यावर आलेले परदेशी पाहुणे हे सारे बांद्याच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या पलीकडे, तासाभराच्या अंतरावर, खरोखरच होते. इंग्रजी गाणे म्हणजे विलायतेतल्या कोणाचे तरी दुःख, असा माझा समज होता, तो त्या दिवशी मोडला.

रेमो यांचा जन्म १९५३ चा. पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पणजीच्या ख्रिस्ती घरातल्या त्या पिढीच्या कानावर पोर्तुगीज, कोंकणी आणि इंग्रजी एकाच वेळी पडत होत्या आणि रॉक अँड रोलच्या तबकड्याही त्याच वयात घरात आल्या. पुढे मुंबईत जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले, आणि १९७७ ते १९८० या काळात युरोप आणि उत्तर आफ्रिका मिळेल त्या वाहनाला हात करीत पालथी घातली. फ्रान्समध्ये एका फ्यूजन रॉक वाद्यवृंदाबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रणही केले. इतके जग पाहिलेला माणूस शेवटी उत्तर गोव्यातल्या शिवोली गावच्या घरी येऊन बसतो, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर सगळी वाद्ये स्वतः वाजवतो, सगळे आवाज स्वतः देतो, मुखपृष्ठ स्वतः काढतो आणि स्कूटरवर कॅसेटी घालून दुकानोदुकानी पोहोचवतो, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही चित्रपटगीतापेक्षा मोठी वाटते. त्यांनी पुढे इंग्रजी, हिंदी, कोंकणी, पोर्तुगीज आणि फ्रेंच अशा पाच भाषांत गायन केले, याचे कौतुक सर्वत्र होते. मला मात्र ते पाच भाषांचे गायक वाटत नाहीत. ते एका गावाचे गायक आहेत आणि त्या गावालाच पाच भाषा येत होत्या.

मतभेद असतील तर अवश्य लिहावे.

मडगावची वाचक

आपले शेवटचे वाक्य ऐकायला गोड आहे, परंतु मला ते मान्य नाही. शिवोलीला पाच भाषा येत होत्या असे आपण म्हणता, पण कोणत्या शिवोलीला? मासळीच्या बाजारातल्या शिवोलीला, शेतातल्या शिवोलीला, डिसेंबरात हिंदू आणि ख्रिस्ती दोघे मिळून जागर घालणाऱ्या शिवोलीला कोंकणी येत होती, क्वचित मराठी वाचता येत होती. इंग्रजी आणि पोर्तुगीज या दिवाणखान्यातल्या भाषा होत्या.

ज्या वर्षांना आपण माजघर म्हणता, त्याच वर्षांत गोव्यात कोंकणीला राजभाषा करावे म्हणून आंदोलन पेटले होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषेचा कायदा झाला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. माणसे रस्त्यावर उतरली होती. अशा वेळी गोव्यातला सर्वांत प्रतिभावान तरुण संगीतकार गोव्याविषयीच लिहितो, पण इंग्रजीत लिहितो, याचे मला आजही वाईट वाटते.

कोंकणीत आधुनिक गाणे होऊ शकत नव्हते, असे कोणी म्हणू नये. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांनी मुंबईत बसून जॅझचे ब्रास आणि कोंकणी शब्द असे काही जुळवले होते की ती गाणी आजही लग्नात वाजल्याशिवाय राहत नाहीत. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी उल्हास बुयांव यांच्या गाण्यांनी गावेच्या गावे हलवली होती. वाट तयार होती. रेमो यांनी ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये जुनी गाणी नव्याने मांडली हे खरे, पण ती वारशाची राखण झाली. मी नव्या, स्वतःच्या, रागावलेल्या कोंकणी गाण्याविषयी बोलते आहे.

दादरचा श्रोता

मला दोघांचेही म्हणणे एका बाबतीत अपुरे वाटते. आपण दोघांनीही हिंदी गाणी दाराबाहेर ठेवली आहेत. ‘हम्मा हम्मा’ १९९५ मध्ये आले. त्याचा तमिळ अवतार ए. आर. रहमान यांनी स्वतः गायला आहे. हिंदीसाठी त्यांनी रेमो यांना बोलावले. दोन्ही लागोपाठ ऐकावे. रेमो यांच्या हिंदीत शब्दांची टोके जरा गोलाकार होतात, अक्षरावरचा भार मुंबईच्या पार्श्वगायकाने टाकला असता तिथे पडत नाही, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळून तो पुढे येतो. तोवर हिंदी चित्रपटात गोव्याच्या माणसाचा उच्चार म्हणजे दारूच्या गुत्त्यातला विनोद असे. रेमो त्याच उच्चारात गायले आणि देशभर लोक त्यावर नाचले. हे थोडे नाही.

शिवाय ‘जलवा’ १९८७ चा आहे, म्हणजे धागाकर्त्यांच्या आवडत्या कॅसेटींनंतर जेमतेम वर्षभराचा. एकाच माणसाच्या एकाच काळातल्या कामाचे आपण माजघर आणि ओसरी असे तुकडे का करतो आहोत? श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’मध्ये, तेही १९८५ मध्येच, ते पडद्यावर दिसतात आणि गातात. त्या चित्रपटात १९६१ चे गोवा आहे. तेही ओसरीवरच टाकायचे का?

सावंतवाडीकर (धागाकर्ता)

‘त्रिकाल’विषयी माझी चूक झाली, तो उल्लेख मी करायला हवा होता. उच्चाराविषयी आपण जे लिहिले आहे ते मी आज सकाळी पुन्हा दोन्ही गाणी ऐकून पाहिले आणि ते तंतोतंत पटले. तरीही फरक उरतोच. चित्रपटातल्या बहुतेक गाण्यांत शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, प्रसंग दुसऱ्याचा असतो. आपण गीतकार-गायकाविषयी बोलत असू, तर त्याने स्वतःहून काय सांगायचे ठरवले हे आधी पाहायला हवे.

मडगावच्या ताईंना मला एवढेच विचारायचे आहे की, भाषेवर प्रेम असणाऱ्याने तिच्यातच लिहिले पाहिजे, असा आग्रह आपण कवीला करू शकतो का? पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असताना रेमो यांनी त्यांच्या समोर, त्यांनाच उद्देशून लिहिलेले गाणे म्हटले आणि गोव्याच्या अडचणी सांगितल्या. त्यावर टीका झाली, पण पंतप्रधानांनी गाणे आवडल्याचे कळवले. हे गाणे कोंकणीत असते तर व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी हसून टाळ्या वाजवल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता. इंग्रजीमुळे ते ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे होते त्यांच्यापर्यंत पोहोचले.

चार ट्रॅक

मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात पंचवीस वर्षे आहे, म्हणून भाषेपेक्षा त्या यंत्राविषयी लिहितो, कारण माझ्या मते उत्तराचा मोठा भाग त्यात आहे.

चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एका वेळी चारच पट्ट्या असतात. जास्त वाद्ये हवी असतील तर तीन पट्ट्यांवर ढोल, बास आणि गिटार भरायचे, त्या तिन्हींचे मिश्रण चौथीवर उतरवायचे आणि मग मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर पुन्हा वाजवायचे. एकदा उतरवले की मागे फिरता येत नाही. बास जरा जास्त मोठा झाला असे नंतर जाणवले तरी तो तसाच राहतो, आणि प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढत जाते. त्यामुळे पहिला ठोका भरतानाच शेवटच्या बासरीला किती जागा लागेल हे डोक्यात पक्के असावे लागते. वास्तुकला शिकलेल्या माणसाला हे जमले यात मला नवल वाटत नाही, कारण पाया घालताना छपराचा विचार करणे हे त्याच्या शिक्षणातच होते.

जागतिक संगीताचा प्रभाव असे आपण सहज म्हणतो, पण तो तिथे नेमका कसा उतरला हे ऐकावे. आफ्रिकी वळणाचा ठेका, लॅटिन अमेरिकी अंगाची गिटार आणि वर आपली बांबूची बासरी, हे सगळे एकाच माणसाच्या दोन हातांनी वेगवेगळ्या वेळी वाजवलेले असल्यामुळे त्यांत सांधा दिसत नाही. मोठ्या स्टुडिओत पाच देशांचे पाच कलाकार एकत्र बसवले की अनेकदा प्रत्येकजण आपापला देश वाजवतो. पुढे २००० साली त्यांनी ‘सिम्फॉनिक चॅण्ट्स’मध्ये मंत्रांना सुरावट दिली, तीही मला त्याच सवयीची पुढची पायरी वाटते, जरी मन माझे जुन्या खरखरीतच अधिक रमते.

दादरचा श्रोता

फितीविषयीचे हे विवेचन अप्रतिम आहे. माझ्या मुद्द्यालाही त्यातून बळ मिळते, कारण एकट्याने सगळे करणाऱ्या माणसाने रहमान यांच्या चालीवर स्वतःला सोपवले, तेव्हा त्याच्या आवाजात जो मोकळेपणा आला तो कॅसेटींत नाही. तिथे ते सतत सावध आहेत. त्यांना २००७ साली पद्मश्री मिळाली, ती या दोन्ही गायकांना मिळाली असे मी मानतो.

मडगावची वाचक

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देते. कवीला आग्रह करता येत नाही, हे मान्य. पण वाचकाला किंवा श्रोत्याला हळहळ वाटू शकते आणि ती लिहिण्याचा अधिकार त्याला आहे. पंतप्रधानांपर्यंत पोहोचण्यासाठी इंग्रजी हवी होती हे आपले म्हणणे खरे असेल. मात्र रेमो यांची गाणी फक्त पंतप्रधानांसाठी नव्हती, असे आपणच वर लिहिले आहे.

माझी मावशी कुडचडे येथे किराणा मालाचे दुकान चालवीत असे. दुकानात टेलिफोन होता आणि आठवड्यातले चार दिवस तो मुका असे. एकदा फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या रात्री ध्वनिक्षेपकावर रेमो यांचे टेलिफोनवरचे गाणे लागले. तरुण मुले हसत, ओरडत नाचत होती. मावशीने मला ओढून विचारले, “कितें म्हणटा तो?” मी तिला कडव्यामागून कडवे कोंकणीत सांगत गेले. तिसऱ्या कडव्याला ती हसू लागली आणि चौथ्याला डोळे पुसू लागली, कारण हे तिच्याच दुकानातले गाणे होते. मग तिने विचारले की तो शिवोलीचा ना, मग हे मला तू का सांगते आहेस, तोच का सांगत नाही?

मी त्यावर काय बोलावे हे मला तेव्हा सुचले नाही. चार ट्रॅक यांनी सांगितलेली बासरी मी आज रात्री पुन्हा ऐकणार आहे, मावशीचा प्रश्न बाजूला न ठेवता.