मत्साची फोडणीची पोळी: तुमच्याकडे वल्हांडणात पटकन काय होतं?

लोदची_ठाणेकर
आज वल्हांडणाचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या सणाचा, चौथा दिवस. सणात आंबणारं धान्य घरात चालत नाही. घरात पाव नाही, कणीक नाही, रवा-शेवया असलेलं कपाट दोरी बांधून बंद. इथे इस्रायलात सुपरमार्केटात गेलं तर पावाच्या फळ्यांवर पांढरं प्लास्टिक ताणलेलं. साडेसहाला कामावरून आले तर पोरगी दारातच, "ईमा (आई), भूक!" मत्साच्या (सणात खायच्या बिनखमिराच्या कोरड्या पोळीच्या) खोक्यात तळाला नुसते तुकडे उरले होते.
कढई ठेवली. तेल, मोहरी, कढीपत्ता, मिरची, दोन कांदे, हळद. तुकडे चाळणीत घालून नळाखाली धरले, पाच आकडे मोजले नि निथळून कढईत. झाकण दोन मिनिटं. वर ओलं खोबरं, लिंबू, कोथिंबीर. झाकण काढलं आणि त्या वाफेत आमचं ठाण्याचं स्वयंपाकघर आलं हो. डोळ्यांतून पाणी. पोरगी म्हणे, कांद्याने का?
बाबा टेंभी नाक्यावरच्या मशिदीतून (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो) मत्सा आणायचे. मोजून. अख्खे सेदेरसाठी (सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणासाठी), तुटके आईच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. त्या डब्याला हात लावला की चापट. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच तुकड्यांची फोडणीची पोळी. शिळ्या पोळीची करतो तश्शीच, फक्त हिंग नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली.
तुम्ही पण लिहा. सणाचं मोठं जेवण नको, घाईतलं लिहा.

घाईत_आहे
हिंग का नाही?

लोदची_ठाणेकर
डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं बघ. म्हणजे हामेत्स, सणात वर्ज्य असलेलं आंबणारं धान्य. आई लसूण ठेचून घालायची त्याऐवजी.

घाईत_आहे
बापरे. चाळीस वर्षं हिंग खातेय, आज कळलं.

बेरशेबाची_सासू
तुमची मोहरी चालते, मजा आहे. माझी सून पोलंडवाल्यांकडची. त्यांच्यात सणात मोहरी नाही, तांदूळ नाही, डाळ नाही, मटार नाही. आम्ही तर तांदळाच्या भाकरीवर आठवडा काढणारी माणसं! पहिल्या वर्षी मी भात केला नि ती ताटाकडे बघत बसली. आता दोन चुली. तिच्या बाजूला बटाटा, माझ्या बाजूला भात, मध्ये मुलगा दोन्हीकडे जेवतो. लेकाचं वजन बघा.

पेठेतली
आम्ही ज्यू नाही, पण रास्ता पेठेत शेजारी होते. दरवर्षी एक मत्सा रुमालात बांधून यायचा. मला वाटायचं खाकरा. चहात बुडवला, अर्धा कपात राहिला. आजी म्हणाली, देवाचं आहे, पिऊन टाक. प्यायले. त्या काकू सणाआधी सगळी तांब्याची भांडी कल्हईला काढायच्या, आमचीही त्यातच जायची. अंगणात नवसागराचा धूर. तो कल्हईवाला आता कुणाला मिळतो का पुण्यात?

कल्हईप्रेमी
महिन्यातून एकदा येतो आमच्याकडे. पण भाव विचारू नका. पातेलं नवीन येईल.

पेठेतली
नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना.

अश्दोदहून
मूळ विषय: गोळ्याची आमटी. इथल्या बायका मत्साच्या पिठाचे गोळे कोंबडीच्या सुपात सोडतात. मी म्हटलं ही तर आपली गोळ्याची आमटी, त्यात काय! अंडं, तेल, पीठ, मीठ, मिरपूड कालवलं, लगेच वळले, लगेच सोडले. नवऱ्याने चमचा मारला तर गोळा उडून टेबलाखाली. कुत्र्याने वास घेतला नि निघून गेला.
चूक अशी की पीठ कालवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं, ते पाणी पितं, मग ओल्या हाताने सुपारीएवढे वळायचे. शिजून लिंबाएवढे होतात. झाकण उघडायचं नाही. आता मी त्यात आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर घालते आणि सूप नारळाच्या दुधात करते. आमच्यात मटण-कोंबडीबरोबर दूध चालत नाही, नारळाचं चालतं. कोकणाने आपल्याला ही सोय करून ठेवली आहे.

लोदची_ठाणेकर
कुत्रा!!! 😂

इसबगोल
आठवडाभर मत्सा आणि अंडी. पुढचं कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. आयडी वाचा.

बेरशेबाची_सासू
भाऊ, जेवतोय आम्ही.

अश्दोदहून
खजुराचा शिरा (रव्याचा नव्हे, खजुराचा पाक) खा की. त्यासाठीच असणार तो.

जर्सीतला_एकटा
इथे सणाच्या आधी दुकानात अमुक डॉलरचं सामान घेतलं की पाच पौंडांचा गठ्ठा फुकट देतात. मी सातारचा, मला काय माहीत, फुकट म्हणून उचलला. पाच पौंड! पहिले चार दिवस पिझ्झा (सॉस, चीज, ओव्हन, पाच मिनिटं. चांगला लागतो, पण लगेच खा, नाहीतर पुठ्ठा). मग चिवडा. तुकडे ओव्हनमध्ये कोरडे केले, वर शेंगदाणे-खोबऱ्याची फोडणी, पिठीसाखर. ऑफिसातल्या ज्यू मित्राला दिला. तो म्हणाला, आमच्याकडे शेंगदाणा सणात खात नाहीत, आणि बोलता बोलता अर्धा डबा संपवला. उरलेल्याचे गूळ-तुपात लाडू. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले तर तिला पोळीचेच वाटले.

बेरशेबाची_सासू
लाडू! हे कसं सुचलं नाही मला. पण तूप म्हणजे दूधाचं, मटणाच्या दिवशी नाही जमायचं.

वाचनमात्र_होतो
पहिल्यांदाच लिहितोय. पुण्यात १८७४ साली छापलेली मराठी हागादा (सेदेरला वाचायचं पुस्तक) आहे, तिच्यातलं चित्र बघा. लुगडी नेसलेल्या बायका बसून मत्सा करतायत. माझी पणजी अलिबागकडची, ती "बिनखमिराची भाकर" म्हणायची आणि घरीच भाजायची. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजायला गेलं पाहिजे, नाहीतर आंबलं म्हणायचं. घड्याळ नव्हतं म्हणे, तीन बायका एकदम बसायच्या, एक मळायची, एक लाटायची, एक तव्यापाशी. बोलायची बंदी. माझ्या घरात हे कठीण आहे.

घाईत_आहे
१८ मिनिटांत माझी कणीक शोधून होते.

लोदची_ठाणेकर
वाचनमात्र, पणजीचं अजून लिहा ना. आईच्या तोंडून असंच ऐकलं होतं, पण मी तेव्हा नीट ऐकलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

पेठेतली
ताई 🫂 डबा आहे का अजून?

लोदची_ठाणेकर
आहे. भारतातून येताना वहिनीने बटणं भरून दिला होता. बटणं काढलीत आत्ताच.

डब्याचा_प्रश्न
शाळेला सुट्टी म्हणून माझी दोन्ही कार्टी घरात. सकाळी मत्सा-चॉकलेट, दुपारी मत्सा-चॉकलेट. भाजी दाखवली की रडणं. काल मत्सा अंड्यात बुडवून तव्यावर टाकला, कांदा-मिरची, ऑम्लेटसारखा, आणि म्हटलं हा पिझ्झा. धाकट्याने खाल्ला. मोठी म्हणे, आई, खोटं बोलणं कोशेर (धर्माला चालणारं) आहे का?

इसबगोल
😂😂 पोरगी वकील होणार.

अश्दोदहून
मी थर लावते. मत्सा ओला करून तळाला, वर परतलेली वांगी, परत मत्सा, बटाटा, अंडं फेटून ओतायचं, ओव्हन ४० मिनिटं. घाईतलं नाही हे, पण दोन दिवस पुरतं. उद्या लिहिते नीट, मशीनचा आवाज झाला, कपडे वाळत घालायचेत.

कल्हईप्रेमी
@पेठेतली व्यनि बघा. रविवारी येतोय तो, भांडी चिंचेने घासून ठेवा.