उत्तर: प्रकल्प बांधायला हे अनुदान चालेल का?

वर विचारलंय की अमेरिकेत जलप्रदूषण रोखण्यासाठी संशोधन-प्रशिक्षणाचं जे सरकारी अनुदान मिळतं, त्यातून सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभारता येईल का. नाही येणार. १९७२च्या क्लीन वॉटर ॲक्टचं कलम १०४ (बी)(३) हे संशोधन, प्रयोग, सर्वेक्षण, प्रात्यक्षिकं आणि प्रशिक्षणासाठी आहे. बांधकामाला १९८७च्या दुरुस्तीने आलेला फिरता कर्जनिधी (परतफेडीचे पैसे पुन्हा कर्जाऊ देणारा निधी) आहे, आणि राज्यांच्या रोजच्या नियंत्रणाच्या कामाला कलम १०६. म्हणजे अर्जात 'आमचं नेहमीचं काम चालू ठेवू' असं लिहिलंत, तर ते कलम १०४ (बी)(३)मध्ये बसतच नाही. राज्य यंत्रणा, सार्वजनिक किंवा ना-नफा संस्था, अगदी व्यक्तीसुद्धा पात्र आहेत. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या मात्र त्या यादीत नाहीत.

इथे सगळे संशोधनावरच बोलताहेत, पण माझ्या मते खरी गरज प्रशिक्षणाची आहे. साधी बीओडी चाचणी घ्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायची चाचणी; जितका जास्त वापर, तितकं पाणी घाण. नमुना २० अंश सेल्सिअसला, अंधारात, ५ दिवस ठेवायचा आणि आधीचा व नंतरचा विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. बाटली भरताना बुडबुडा राहिला की त्यातला ऑक्सिजन हळूहळू पाण्यात उतरतो, घट कमी दिसते आणि घाण पाणी कागदावर बऱ्यापैकी स्वच्छ ठरतं! उपकरण कितीही भारी असो, बाटली काठोकाठ भरून बूच तिरकं सरकवत बसवायला हातच तयार लागतो. तेव्हा अर्जात यंत्रांची यादी लांबवण्यापेक्षा कोणाला, काय शिकवणार आणि ते आलं की नाही हे कसं तपासणार, ते लिहा.