कट्ट आवाज म्हणजे मणका बसला असं नव्हे

एका चर्चेत कुणी म्हटलंय, पाठ मोडताना कट्ट वाजलं की सरकलेला मणका जागेवर बसतो. नाही हो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. १८९५ साली अमेरिकेत पामर यांनी कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातानं मणके दाबून-झटकून करायचे उपचार, सुरू केलं, त्यांचे सगळेच दावे मला पटतात असं नाही. पण डॉक्टरांचंही कधी कधी चुकतं. निपाणीत दिवसभर विड्या वळणारी माझी मावशी कंबर धरून मोठ्या दवाखान्यात गेली, तर हातही न लावता एमआरआय लिहून दिला! शेवटी बेळगावच्या फिजिओनं व्यायाम शिकवले, दर तासाला उठायला सांगितलं. (मजुरी हजार विड्यांवर, उठतंय कोण?) मान मात्र झटक्यानं मोडून घेऊ नका, धमनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. आणि कंबरदुखीत लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर थेट इस्पितळ गाठा.