मिशिगन सरोवराचे नितळ पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस दुधाळ का होते?

प्रश्न :
आम्ही शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठाजवळ राहतो. एरवी तळाचे गोटे दिसावेत इतके नितळ असणारे हे पाणी उन्हाळा सरत आला की दुधाळ फिरोजी दिसू लागते आणि जोराचा वारा सुटून गेला की पुष्कळदा पुन्हा गडद निळे होते. शहराला पिण्याचे पाणी याच सरोवरातून मिळते, म्हणून विचारते : हे प्रदूषण असेल का? की २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, त्यातलाच हा प्रकार आहे?

प्रतिसाद १ :
प्रदूषण नव्हे, हे चुनखडीचे सूक्ष्म कण आहेत. सरोवराच्या परिसरात चुनखडी आणि डोलोमाइटचे खडक असल्यामुळे पाण्यात कॅल्शियम भरपूर विरघळलेले असते. ते विरघळलेले राहण्यासाठी पाण्यात पुरेसा कार्बन डायऑक्साइड असावा लागतो. पण उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात हा वायू कमी मावतो, शिवाय सूक्ष्म शैवाल प्रकाशसंश्लेषणासाठी तो शोषून घेते, त्यामुळे पाण्याची आम्लता घटते आणि कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक वेगळे होऊन तरंगू लागतात. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच हा पदार्थ. प्रकाशातला तांबडा भाग पाणी स्वतःच शोषते. उरलेला निळा-हिरवा प्रकाश हे कण चहूकडे विखुरतात, म्हणून फिरोजी रंग दिसतो. वाऱ्याने वरचे पाणी काठापासून दूर लोटले की खालचे थंड पाणी वर येते. त्यात हे कण नसतात, म्हणून काठ पुन्हा निळा दिसतो.

प्रतिसाद २ :
लोणारशी याचा संबंध नाही. ते पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. तेथे क्षारता वाढल्यावर मीठ मानवणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे गुलाबी छटा आली, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. गोड्या पाण्यात ते जीव तग धरत नाहीत.

प्रतिसाद ३ :
वरील उत्तरे बरोबर आहेत, परंतु मला दुधाळ रंगापेक्षा त्या एरवीच्या नितळपणाची अधिक चिंता वाटते. काळ्या समुद्राच्या परिसरातले क्वागा शिंपले जहाजांच्या तोल सांभाळण्याच्या पाण्यातून अमेरिकेत पोचले आणि १९९७ मध्ये मिशिगन सरोवरात आढळले. आज ते तळावर दूरवर पसरले आहेत आणि अखंड पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शैवाल खातात. वसंतात येणारा डायटम या सूक्ष्म शैवालाचा बहर त्यांनी जवळपास संपवला, त्यावर जगणारे तळाचे डायपोरिया हे कोळंबीसारखे छोटे जीव बहुतेक ठिकाणांहून नाहीसे झाले आणि माशांचे अन्नही त्याबरोबर आटले. पाणी नितळ झाल्याने ऊन खोलवर पोचते, म्हणून गोट्यांवर क्लॅडोफोरा हे केसाळ हिरवे शेवाळ माजते. लाटांनी तुटून काठावर आले की ते तेथेच कुजते. तुमच्या किनाऱ्यावर तसे ढीग दिसत असतील, तर मुलांना आणि कुत्र्यांना त्यांपासून दूर ठेवावे.