आरक्षण ५०% च्या वर गेलं तर निवडणूकच रद्द?

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेत आरक्षण ५०% च्या वर गेलंय. कोर्टाचा निकाल विरोधात गेला तर सगळेच नगरसेवक घरी का?

उत्तर १: आधी बेरीज करा. २० जागांत मर्यादा १०. एससी-एसटीला ८ गेल्या तर ओबीसींना उरतात २. सरसकट २७% लावून ५ दिल्या की झाल्या १३. महिला आरक्षण यात धरू नका, ते आडवं असतं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांच्या आतच दिलं जातं. हमखास घोळ इथेच होतो.

उत्तर २: सगळे नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या विकास गवळी निकालानं २७% ही ओबीसींसाठी कमाल मर्यादा ठरवली, तीही एकूण ५०% च्या आत. त्यामुळे धुळे, नंदुरबार, अकोला, वाशीम, नागपूर जिल्हा परिषदांमध्ये फक्त ओबीसी जागा रिकाम्या झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात खुल्या प्रवर्गातून पोटनिवडणूक झाली.

उत्तर ३: सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं ५०% ची मर्यादा ओलांडलेल्या संस्थांचे निकाल न्यायप्रविष्ट याचिकेच्या अधीन ठेवलेत. ओबीसी जागेवरच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.