२६ जानेवारी आधी 'स्वातंत्र्यदिन' होता का?

शनिवारपेठी: वाड्याचा माळा उपसताना आजोबांची वही सापडली. निळी शाई, कडा कसरीनं खाल्लेल्या. एका पानावर ठळक अक्षरात: '२६ जानेवारी १९४०, स्वातंत्र्यदिन. प्रभातफेरी, झेंडावंदन, प्रतिज्ञा.' आजोबा तारखेचे पक्के, रद्दीचाही हिशेब लिहून ठेवायचे. मग ही काय भानगड?

निवृत्त मास्तर: आजोबांचं बरोबर आहे. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला, नेहरू अध्यक्ष असताना, काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. २६ जानेवारी १९३० ला, रविवार होता तो, देशभर पहिला स्वातंत्र्यदिन पाळला गेला. सभा भरायच्या, प्रतिज्ञा वाचली जायची. सुट्टी कसली, पोलीस मागावर! पुढे १९४७ ला सत्तांतर झालं १५ ऑगस्टला. ती तारीख माउंटबॅटननं निवडलेली. आमच्या मेहनतीच्या तारखेची पंचाईत झाली ती तिथे.

कोथरूडकर ताई: म्हणूनच घटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली तरी नागरिकत्व, निवडणुका अशी मोजकी कलमं लगेच लागू केली आणि बाकीची दोन महिने थांबवली. तारीख वाया जाऊ द्यायची नव्हती. १९५० पासून तोच दिवस प्रजासत्ताक दिन.

शनिवारपेठी: वा, मास्तर, ताई, आभार. १९४८ चं पान काढलं, तर २६ जानेवारीला नुसतं 'दळण आणले'! बरं, पहिलं संचलन राजपथावरच झालं ना?

निवृत्त मास्तर: छे, आयर्विन स्टेडियमवर. राजपथावर कायमचं आलं १९५५ ला. आणि राजपथ म्हणू नका, २०२२ पासून कर्तव्यपथ.